पदविकेतून पदवीकडे : आमली-सिल्वासा परिसरातील आदिवासी विद्यार्थी आणि महाविद्यालयांचे कर्तव्य

दादरा व नगर हवेलीतील आमली ही वस्ती सिल्वासा शहराला लागून आहे व आता ती त्याच्या नगरपालिका क्षेत्रात सामावली आहे. आज ती मुख्यतः कारखान्यांसाठी ओळखली जाते. पाळी सुटण्याच्या सुमारास येथील रस्त्यांवर देशाच्या अनेक प्रांतांच्या भाषा कानी पडतात. कृत्रिम धाग्याचे, प्लास्टिकचे व विजेच्या तारांचे कारखाने या भागात उभे राहिले आणि त्यांबरोबर जोडारी, वीजतंत्री, पर्यवेक्षक, अभियंता अशी कामेही आली. ज्यांच्या शेतांच्या व माळांच्या जागी ही औद्योगिक वसाहत वाढली, त्या वारली, कोकणा, धोडिया आदी समाजांतील मुले यांपैकी कोणत्या कामांवर पोहोचतात, हा प्रश्न मात्र तितक्याच वेगाने पुढे सरकलेला नाही. कारखान्याच्या फाटकापर्यंत पोहोचणे सोपे असते. त्यातील आरेखन कक्षापर्यंत अथवा प्रयोगशाळेपर्यंत पोहोचण्याचा मार्ग महाविद्यालयातून जातो.

या प्रदेशाचा शैक्षणिक इतिहास फार जुना नाही. १९५४ च्या जुलैत दादरा आणि ऑगस्टच्या प्रारंभी नगर हवेली पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाली. १९६१ मध्ये हा प्रदेश भारतीय संघराज्यात रीतसर समाविष्ट झाला, आणि २६ जानेवारी २०२० पासून तो दमण व दीव यांसह एकाच केंद्रशासित प्रदेशाचा भाग आहे. १९६१ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या सुमारे ५८ हजार होती. २०११ मध्ये ती ३,४३,७०९ झाली. अनुसूचित जमातींचे प्रमाण २००१ मध्ये सुमारे ६२ टक्के होते, ते २०११ मध्ये सुमारे ५२ टक्क्यांवर आले, कारण बाहेरून येणाऱ्यांची संख्या वाढली. २०११ मध्ये एकंदर साक्षरता ७६ टक्क्यांहून थोडी अधिक होती. आदिवासींमधील साक्षरता त्याहून बरीच कमी होती. अशा स्थितीत ज्या घरातील आजोबा निरक्षर, वडील चौथी-पाचवीपर्यंत शिकलेले, त्या घरातील मुलगा वा मुलगी अभियांत्रिकीच्या वर्गात बसते, तेव्हा दोन पिढ्यांचे अंतर एका उडीत ओलांडले जात असते. ही उडी अर्ध्यावर राहू नये यासाठी महाविद्यालयातील शिक्षक, लिपिक, ग्रंथपाल, वसतिगृहाचे अधीक्षक आणि प्रयोगशाळा सहायक यांना काय करता येते, हा या लेखाचा विषय आहे.

दोन वाटा

दहावीनंतर विज्ञान व तंत्रशास्त्राकडे जाण्याच्या दोन वाटा आहेत. एक वाट अकरावी-बारावी विज्ञान शाखेतून, प्रवेश परीक्षा देऊन पदवीच्या पहिल्या वर्षाकडे जाते. दुसरी वाट तंत्रनिकेतनातील तीन वर्षांच्या पदविकेतून जाते. पदविका मिळाल्यावर नोकरी धरता येते, अथवा अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो. या दुसऱ्या प्रवेशासाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने पदविकेत किमान ४५ टक्के गुणांची अट ठेवली असून राखीव प्रवर्गासाठी ती ४० टक्के आहे. मंजूर प्रवेशक्षमतेच्या दहा टक्क्यांपर्यंत जागा या विद्यार्थ्यांना मिळू शकतात, आणि पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या जागाही त्यांच्याकडे येतात.

आदिवासी कुटुंबांना दुसरी वाट अधिक जवळची वाटते, यात नवल नाही. सिल्वासाजवळच्या कराड गावी शासकीय तंत्रनिकेतन आहे (या कराडचा साताऱ्याच्या कराडशी संबंध नाही, मराठी वाचकांची येथे हमखास फसगत होते). अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी हाती काहीतरी प्रमाणपत्र येते आणि पुढे शिकणे जमले नाही तरी आमलीच्या एखाद्या कारखान्यात काम मिळते, असा हिशेब घरात होतो, आणि तो चुकीचाही नाही. प्रवेश परीक्षेच्या शिकवणीवर्गांचा खर्च न झेपणाऱ्या मुलांना तर पदवीपर्यंत जाण्याचा हाच खरा रस्ता आहे. म्हणून थेट दुसऱ्या वर्षात येणारा विद्यार्थी हा मागच्या दाराने आलेला विद्यार्थी आहे, असा जो एक समज काही वर्गांत आढळतो, तो प्रथम दूर झाला पाहिजे. त्याने तीन वर्षे तंत्रशिक्षण घेतलेले असते, कार्यशाळेत लेथ चालविलेला असतो, विद्युत मंडलाची जोडणी स्वतःच्या हाताने केलेली असते. बारावीतून आलेल्या त्याच्या शेजाऱ्याने यांपैकी पुष्कळ गोष्टी केवळ चित्रात पाहिलेल्या असतात.

अडथळा नेमका कोठे आहे

अमेरिकेत दोन वर्षांच्या स्थानिक महाविद्यालयांतून चार वर्षांच्या विद्यापीठांत जाण्याची पद्धत बरीच जुनी आहे. तेथील जॉन हिल्स या अभ्यासकाने १९६५ मध्ये असे दाखवून दिले की, अशा विद्यार्थ्यांचे गुण नव्या संस्थेतील पहिल्या सत्रात बहुधा घसरतात आणि नंतर त्यांतील पुष्कळांचे ते पुन्हा सावरतात. या पहिल्या घसरणीला त्याने ‘स्थलांतराचा धक्का’ अशा अर्थाचे नाव दिले. आपल्याकडील थेट द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्याला बसणारा धक्का याच जातीचा आहे, पण त्याची कारणे आपल्या व्यवस्थेतून आलेली आहेत, आणि ती समजून घेतल्यावाचून उपाय सुचणार नाहीत.

पहिले कारण कालगणनेचे आहे. पदविकेच्या अंतिम परीक्षेचा निकाल, त्यानंतर गुणवत्ता यादी, प्रवेशाच्या फेऱ्या आणि कागदपत्रांची पडताळणी एवढे सारे उरकेपर्यंत दुसऱ्या वर्षाचे वर्ग पुष्कळदा सुरू होऊन गेलेले असतात. विद्यार्थी वर्गात येतो तेव्हा प्रयोगशाळेचे गट पडलेले असतात, वसतिगृहातील खोल्या वाटून झालेल्या असतात, आणि पहिली घटक चाचणी तोंडावर आलेली असते. त्यातच हे दिवस भातलावणीचे असतात. घरी आठ दिवस हात कमी पडले तर वर्षाच्या धान्यावर परिणाम होतो. अशा वेळी वर्गात न दिसणाऱ्या मुलाविषयी ‘याला शिक्षणाची आस्था नाही’ असा शेरा मारणे सोपे असते.

दुसरे कारण गणिताचे आहे, आणि ते सर्वांत कठीण आहे. पदविकेच्या अभ्यासक्रमात विकलन व संकलन यांची ओळख होते, परंतु ती उपयोगापुरती असते. पदवीच्या पहिल्या वर्षात आंशिक विकलन, सारणिकांचा व अनंत श्रेणींचा अधिक खोल अभ्यास, विकलक समीकरणे इत्यादी विषय शिकविले जातात, आणि दुसऱ्या वर्षाचा शिक्षक ते झालेच आहे असे धरून थेट लाप्लास रूपांतरांपासून प्रारंभ करतो. बारावीतून आलेल्या मुलाला ‘हे आपण गेल्या वर्षी पाहिले’ हे वाक्य आठवण करून देते. पदविकेतून आलेल्या मुलाला त्याच वाक्यातून असे कळते की, आपण ज्या वर्गात बसलो आहोत त्याचा पाया घातला जात असताना आपण येथे नव्हतो. तो हात वर करून विचारत नाही. विचारले तर सर्वांसमोर आपले अज्ञान उघडे पडेल, अशी त्याला भीती असते. दोन-तीन आठवड्यांत तो मागच्या बाकावर जातो, आणि तेथून तो दिसेनासा होतो.

यावर जोडपाठ्यक्रम हा उपाय तंत्रशिक्षण परिषदेनेही सुचविलेला आहे. वेगवेगळ्या पार्श्वभूमीतून येणाऱ्यांसाठी विद्यापीठांनी गणित, भौतिकी, अभियांत्रिकी आरेखन अशा विषयांचे पूरक वर्ग घ्यावेत, असे परिषदेचे म्हणणे आहे. पण पूरक वर्ग कोणत्या वेळी घेतला जातो यावर पुष्कळ अवलंबून असते. सायंकाळी साडेपाचनंतर ठेवलेला वर्ग खानवेलच्या पलीकडे राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या कामाचा नसतो, कारण त्याची शेवटची गाडी चुकते. ज्या शिक्षकाला हा वर्ग खरोखर उपयोगी व्हावा असे वाटते, तो वेळापत्रकातील दुपारची एखादी रिकामी तासिका मागून घेतो, प्रथम दहा प्रश्नांची एक साधी चाचणी देतो (गुण न मांडता) आणि कोणाचे काय राहिले आहे ते पाहून तेवढेच शिकवितो. संपूर्ण पहिले वर्ष सहा आठवड्यांत कोंबण्याचा प्रयत्न केला तर त्यातून काही निष्पन्न होत नाही. लाप्लास रूपांतरासाठी घातांकी फलनाचे संकलन आणि खंडशः संकलन या दोन गोष्टी हातच्या असल्या, तरी विद्यार्थी तासाला धरून राहू शकतो. बाकीचे पुढे भरून काढता येते.

प्रयोगशाळेत मात्र चित्र उलटे असते. तेथे हाच विद्यार्थी पुढे असतो. प्रयोगशाळेचे गट पाडताना थेट द्वितीय वर्षातील सर्व मुलांचा एकच गट करण्याची प्रथा सोयीची असली तरी घातक आहे. प्रत्येक गटात त्यांपैकी एक-दोघे असले, तर यंत्राची जोडणी तो दाखवितो आणि समीकरण शेजारचा समजावून देतो. हे देणेघेणे जमले की उरलेली ओळख आपोआप होते. कोणत्या विद्यार्थ्याने पदविकेत काय केले आहे, हे प्रयोगशाळा सहायकाला प्राध्यापकापेक्षा लवकर कळते. त्याचे निरीक्षण विभागाच्या बैठकीत कोणी विचारीत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

भाषेचे तीन उंबरठे

नगर हवेलीच्या दक्षिण व पूर्व भागांत, दुधनी, मांदोनी, सिंदोनी या बाजूला, मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. इतरत्र गुजराती माध्यमाच्या शाळा अधिक आहेत, आणि हिंदी व इंग्रजी माध्यमेही आहेत. घरात मात्र वारली, कोकणी अथवा धोडिया बोली असते. म्हणजे मूल पहिलीत येते तेव्हा एक उंबरठा ओलांडते, आणि तंत्रनिकेतनात अथवा महाविद्यालयात इंग्रजीत शिकू लागते तेव्हा दुसरा. तिसरा उंबरठा सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मराठी व गुजराती माध्यमांतून आलेल्या दोन मुलांच्या शास्त्रीय संज्ञाही निराळ्या असतात. वेगात होणाऱ्या बदलाच्या दराला मराठी पाठ्यपुस्तक ‘त्वरण’ म्हणते, गुजराती पुस्तक ‘प्रवेग’ म्हणते. विद्युतप्रवाहाला होणाऱ्या विरोधाला मराठीत ‘रोध’ तर गुजरातीत ‘अवरोध’ म्हणतात. संकल्पना दोघांनाही ठाऊक असते, पण इंग्रजी शब्द कानावर पडला की दोघेही गप्प बसतात, आणि शिक्षकाला वाटते की यांना भौतिकी येत नाही.

यासाठी फार मोठी योजना लागत नाही. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने विविध शास्त्रांचे परिभाषा कोश तयार केलेले आहेत. विषयाच्या पहिल्या दोन आठवड्यांत ज्या चाळीस-पन्नास संज्ञा वारंवार येतात, त्यांची इंग्रजी, मराठी व गुजराती अशी तीन स्तंभांची यादी शिक्षकाने करून ग्रंथालयात व प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावली, तर तिचा उपयोग सर्वांनाच होतो. परीक्षा इंग्रजीत द्यावयाची आहे, म्हणून उत्तर इंग्रजीतच हवे. परंतु शंका कोणत्या भाषेत विचारावी यावर बंधन कशासाठी? एखाद्या मुलाने मोडक्या हिंदीत, मध्येच वारली शब्द टाकून विचारलेला प्रश्न हसण्यावारी नेला गेला, तर त्या वर्षात त्याच्याकडून दुसरा प्रश्न येत नाही.

तारांगणासारखी दूरची गोष्ट जवळ आणावयाची कशी, याचा धडा या परिसराला नवा नाही. सिल्वासापासून फार दूर नसलेल्या पालघर जिल्ह्यात ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ यांच्यासह १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणावर न्यावी, या विचारातून अंगणवाडी व कुरणशाळा आल्या. तो विचार बालशिक्षणापुरता राहिला. महाविद्यालयाने एखाद्या विद्यार्थ्याकडे चार पावले चालत जावे, ही कल्पना उच्च शिक्षणात अद्याप अपवादानेच दिसते.

एकट्याने केलेला अभ्यास

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संस्थेत १९७० च्या दशकात युरी ट्राइझमन हे तरुण गणितज्ञ एका प्रश्नाने अस्वस्थ होते. कृष्णवर्णीय विद्यार्थी आपापल्या शाळांत हुशार ठरलेले असूनही विद्यापीठातील कलनशास्त्राच्या पहिल्याच परीक्षेत मोठ्या संख्येने अयशस्वी होत. प्राध्यापकांची उत्तरे ठरलेली होती : घरची गरिबी, कच्चा पाया, अभ्यासाची गोडी नाही. ट्राइझमन यांनी तर्क करीत न बसता काही कृष्णवर्णीय आणि काही चिनी वंशाचे विद्यार्थी निवडून ते प्रत्यक्षात कसा अभ्यास करतात हे कित्येक महिने जवळून पाहिले. त्यांना आढळले की, कृष्णवर्णीय विद्यार्थी कष्टाळू होते आणि सांगितलेले तास इमानाने भरीत होते. मात्र ते एकटे अभ्यास करीत. चिनी विद्यार्थी प्रथम एकटे अभ्यास करून मग एकत्र बसत, एकमेकांची उत्तरे तपासत, आणि परीक्षेत काय विचारतात, कोणता शिक्षक कसा आहे, याचीही देवघेव करीत. गणित आणि संस्था या दोन्ही गोष्टी ते मिळून शिकत होते.

त्यानंतर ट्राइझमन यांनी जी कार्यशाळा सुरू केली तिचे वैशिष्ट्य असे की, ती ‘कच्च्या’ मुलांसाठी म्हणून जाहीर केलेली नव्हती. तीत नेहमीपेक्षा कठीण उदाहरणे दिली जात, आणि ती गटाने सोडवावयाची असत. तेथे येणे हा कमीपणा ठरत नव्हता. भाग घेणाऱ्यांचे गुण स्पष्टपणे सुधारले, आणि पुढे ही पद्धत अमेरिकेतील अनेक विद्यापीठांनी स्वीकारली.

आपल्याकडील ‘उपचारात्मक वर्ग’ या शब्दातच रोग्याची कल्पना आहे. त्या वर्गाची सूचना फलकावर लागते, खाली केवळ राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्यांची नावे असतात, आणि मग त्या वर्गात कोणी येत नाही असा अहवाल लिहिला जातो. विद्यार्थ्यांच्या अभिमानाचा विचार केला तर ते का येत नाहीत हे समजण्यासारखे आहे. त्याऐवजी वर्गातील सर्वांसाठी खुला असा उदाहरणांचा तास ठेवून, ज्यांना त्याची अधिक गरज आहे त्यांना शिक्षकाने स्वतः, खाजगीरीत्या, नाव घेऊन बोलाविले, तर गोष्ट निराळी होते. ‘तू ये’ असे जेव्हा प्राध्यापक म्हणतो तेव्हा पहिल्या पिढीतील विद्यार्थ्यावर त्याचा जो परिणाम होतो, तो सूचनाफलकाने होत नाही.

कार्यालयाची खिडकी

विद्यार्थी शिक्षण सोडतो ते नेहमी वर्गातील अपयशामुळेच सोडतो असे नाही. पुष्कळदा त्याचा धीर कार्यालयाच्या खिडकीशी सुटतो. अनुसूचित जमातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४८-४९ पासून चालू आहे. तीत अनिवार्य शुल्क आणि निर्वाह भत्ता मिळतो, व पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा वार्षिक अडीच लाख रुपये आहे. पदविकेतून पदवीत जाताना संस्था बदलते, अभ्यासक्रम बदलतो, बहुधा विद्यापीठही बदलते. म्हणून जुन्या अर्जाचे नूतनीकरण न होता सारे कागद पुन्हा जमवावे लागतात : जमातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते, मागील संस्थेचा सोडल्याचा दाखला, गुणपत्रके.

येथे एक क्षुल्लक वाटणारी पण फार त्रासदायक बाब नमूद केली पाहिजे. शाळेच्या नोंदवहीत मुलाचे नाव मराठीत वा गुजरातीत लिहिलेले असते, पुढे कोणीतरी ते इंग्रजीत उतरविते. ‘वरठा’ हे या भागातील परिचित आडनाव एका कागदावर ‘व्ही’ने, दुसऱ्यावर ‘डब्ल्यू’ने सुरू होते. वडिलांचे नाव एका ठिकाणी पूर्ण, दुसऱ्या ठिकाणी संक्षिप्त असते. संगणकाला ही दोन निराळी माणसे वाटतात आणि अर्ज अडकतो. शिष्यवृत्ती खात्यात येईपर्यंत शुल्क थकते, आणि मग परीक्षेच्या प्रवेशपत्रासाठी अडवणूक होते. ज्या लिपिकाने प्रवेशाच्याच दिवशी तीन कागद शेजारी ठेवून नावाची अक्षरे ताडून पाहिली आणि दुरुस्तीचा अर्ज त्याच टेबलावर लिहवून घेतला, त्याने त्या विद्यार्थ्याचे एक सत्र वाचविले असे म्हणण्यास हरकत नाही. परिपत्रकात हे काम कोठेही लिहिलेले नसते.

ग्रंथालयाबाबतही असेच आहे. वैद्यकीय व अभियांत्रिकी शाखांतील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी पुस्तकपेढीची केंद्रीय योजना १९७८-७९ पासून आली. परंतु उशिरा प्रवेश घेणाऱ्याच्या वाट्याला संच उरत नाहीत. थेट द्वितीय वर्षाचे विद्यार्थी दरवर्षी येणारच, हे ठाऊक असताना त्यांच्यासाठी काही संच बाजूला ठेवणे ग्रंथपालाच्या हाती आहे.

सीमेचा प्रश्न

आमलीच्या विद्यार्थ्याला पदवीसाठी बहुधा सीमा ओलांडावी लागते. या प्रदेशाचे स्वतःचे विद्यापीठ नाही. सायलीचे एस. एस. आर. महाविद्यालय पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाशी संलग्न आहे, आणि जवळचे एक मोठे शिक्षणकेंद्र म्हणजे गुजरातेतील सुरत. सिल्वासा परिसरात २०१९ पासून वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही या प्रदेशाच्या दृष्टीने मोठी घटना होय. तथापि अभियांत्रिकीसाठी पुष्कळांना सुरत, वलसाड, नाशिक, मुंबई यांकडे पाहावे लागते.

येथे घटनेतील एक तरतूद आड येते, आणि ती पालकांना, क्वचित शिक्षकांनाही, ठाऊक नसते. अनुच्छेद ३४२ प्रमाणे अनुसूचित जमातींची यादी प्रत्येक राज्याची व केंद्रशासित प्रदेशाची स्वतंत्र असते. दादरा व नगर हवेलीसाठी १९६२ च्या आदेशाने धोडिया, दुबळा (हळपतीसह), काथोडी, कोकणा, कोळी ढोर (कोलघासह), नायकडा वा नायका आणि वारली या सात जमाती अनुसूचित ठरल्या. यांतील वारली महाराष्ट्राच्याही यादीत आहेत. तलासरी-जव्हारकडचे वारली आणि दुधनीकडचे वारली यांच्यात सोयरिकी होतात, देव एक आहेत, बोली एक आहे. तरीही १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मर्री चंद्रशेखर राव विरुद्ध सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज या मुंबईतील प्रवेशासंबंधीच्या खटल्यात असा निर्णय दिला की, एका राज्यातील अनुसूचित जमातीची व्यक्ती दुसऱ्या राज्यात गेल्यास तेथील राज्याच्या सवलतींवर तिचा हक्क आपोआप लागू होत नाही. म्हणजे दुधनीच्या वारली मुलीने महाराष्ट्रातील राज्य कोट्याच्या राखीव जागेवर भिस्त ठेवून अर्ज केला, तर ऐन वेळी तिची निराशा होण्याचा संभव असतो.

या निर्णयाच्या योग्यायोग्यतेची चर्चा येथे करावयाची नाही. ती होत राहीलच. परंतु तंत्रनिकेतनातील शिक्षकांनी शेवटच्या वर्षाच्या मुलांना दोन गोष्टी वेळीच सांगितल्या पाहिजेत. पहिली अशी की, केंद्रीय संस्थांत प्रवेश घेताना स्वतःच्या प्रदेशाचा जमातीचा दाखला केंद्राच्या विहित नमुन्यात चालतो, आणि बारावीची वाट धरणाऱ्या धाकट्या भावंडांसाठी तर सुरतच्या सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत गुजरातबरोबर या प्रदेशाचाही ‘गृहराज्य’ म्हणून विचार होतो. दुसरी गोष्ट अशी की, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती विद्यार्थी जेथे शिकतो त्या राज्याकडून मिळत नाही, तर तो जेथील कायम रहिवासी आहे तेथील शासनाकडून मिळते. सुरतेत वा नाशकात शिकणाऱ्याने अर्ज सिल्वासाकडेच करावयाचा असतो. नव्या महाविद्यालयातील लिपिकाला हे माहीत नसते, तो ‘तुमचे नाव आमच्या यादीत येत नाही’ एवढेच सांगतो, आणि विद्यार्थी आपण अपात्र आहोत असे समजून परत फिरतो. पाठविणाऱ्या व स्वीकारणाऱ्या संस्थांच्या कार्यालयांत एका दूरध्वनीचा संबंध राहिला, तर हा प्रसंग टळतो.

खोली आणि जेवणाचे टेबल

वसतिगृहातील वातावरणाविषयी उघडपणे बोलले जात नाही. २००६ मध्ये प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत पाहणी केली, तेव्हा राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्यांनी वसतिगृहात पडणाऱ्या वेगळेपणाविषयी आणि शिक्षकांकडून मिळणाऱ्या अपुऱ्या सहकार्याविषयी तक्रारी सांगितल्या. देशातील नामांकित संस्थेची ही स्थिती होती. २०१२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने काढलेल्या विनियमांत प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभाव-प्रतिबंधक अधिकारी असावा, असे म्हटले. अधिकाऱ्याचे नाव फलकावर असते. त्याच्याकडे कोणी जात नाही, यावरून तक्रार नाही असे अनुमान काढणे धाडसाचे ठरेल. आपल्या आडनावावरून, बोलीवरून, प्रवेशाच्या प्रकारावरून मारलेला टोमणा तक्रारवहीत लिहिण्याजोगा असतो का, याविषयी विद्यार्थ्याच्याच मनात शंका असते. असे टोमणे अधीक्षकाच्या, खानावळीतील कर्मचाऱ्याच्या, पहारेकऱ्याच्या कानी प्रथम पडतात. त्यांनी तेथल्या तेथे हटकले तर पुष्कळ प्रकरणे वाढत नाहीत.

खोल्या वाटताना उशिरा आलेल्या चौघा आदिवासी मुलांना शेवटच्या मजल्यावरील एकच खोली देणे हे सहज घडते. त्यात कोणाचा हेतू वाईट असतोच असे नाही. मात्र त्यामुळे मागील वर्षाच्या टिपणवह्या, प्रश्नपत्रिका, कोणत्या प्राध्यापकाकडे केव्हा गेले तर भेट होते ही माहिती, असे जे धन वसतिगृहाच्या ओसरीवर फुकट मिळते, ते या चौघांना मिळत नाही. ट्राइझमन यांच्या निरीक्षणाशी हे ताडून पाहण्यासारखे आहे. काही खोल्या थेट द्वितीय वर्षाच्या प्रवेशांसाठी वेगवेगळ्या मजल्यांवर राखून ठेवणे, आणि पूर्वी याच वाटेने येऊन तिसऱ्या-चौथ्या वर्षात पोहोचलेल्या एखाद्या विद्यार्थ्याशी नव्याची गाठ घालून देणे, यास निधी लागत नाही. पहिला आठवडा त्याने बरोबर घेऊन हिंडवले की बँक, ग्रंथालय, परीक्षा विभाग आणि खानावळ यांचे दरवाजे ओळखीचे होतात.

दिवाळीच्या सुट्टीत हे विद्यार्थी भातकापणीसाठी गावी जातात. सत्रान्त परीक्षा त्यानंतर लगेच असते. त्यांतील जे परत येत नाहीत, त्यांची नावे जानेवारीत हजेरीपटावर लाल शाईने खोडली जातात. गेल्या तीन-चार वर्षांतील अशा खोडलेल्या नावांची यादी काढून त्यांपैकी कितीजण पदविकेतून आले होते, किती जणांची शिष्यवृत्ती तेव्हा अडकलेली होती आणि कितीजण केवळ गणितात मागे पडले होते, एवढी पाहणी कोणत्याही महाविद्यालयाला एका आठवड्यात करता येईल. त्यासाठी लागणारे सर्व कागद कार्यालयाच्या कपाटातच आहेत.